निफाडची थंडी, मुंबईचा मार्च आणि खाली बसणारी हवा

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की लगेच बातमी होते. जास्त दाबाच्या क्षेत्राकडे सहसा कोणी बघत नाही, कारण त्यात ना ढग, ना पाऊस. पण जानेवारीत निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे पारा पाच अंशांजवळ येतो आणि मार्चमध्ये मुंबईची दुपार चाळिशीकडे सरकते, तेव्हा दोन्ही वेळी बहुधा जास्त दाबाची हवाच ठाण मांडून बसलेली असते.

हवेचा दाब म्हणजे आपल्या वर असलेल्या हवेचे वजन. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३.२५ हेक्टोपास्कल असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो हवा. ‘जास्त’ दाबाचा मात्र ठरलेला आकडा नाही. आजूबाजूपेक्षा जिथे दाब अधिक, ते जास्त दाबाचे क्षेत्र. हिवाळ्यात वायव्य भारतावर १०१८-१०२० झाला तरी तो आपल्याकडे भक्कम मानतात. सैबेरियात १०५० ही नवलाई नाही. तिथल्या अगाता येथे ३१ डिसेंबर १९६८ रोजी सुमारे १०८३ हेक्टोपास्कलची नोंद झाली होती. ती सैबेरियाची गार हवा थेट आपल्यापर्यंत येते असा समज आहे, पण तो खरा नाही. तिचा थर जेमतेम दोन-तीन किलोमीटर जाडीचा असतो आणि हिमालय तो अडवतो. आपली थंडी येते ती पश्चिमी विक्षोभ (भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतात येणारी कमी दाबाची प्रणाली) पुढे सरकल्यावर त्याच्या मागोमाग उतरणाऱ्या कोरड्या उत्तरेकडच्या वाऱ्यांबरोबर.

जास्त दाबाच्या केंद्रातून जमिनीलगतची हवा बाहेर पडते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते, म्हणून वारे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. यालाच भूगोलात प्रत्यावर्त म्हणतात. खालून हवा सतत निघून जात असेल तर दाब उतरायला हवा. तो टिकतो, कारण उंचावर चहूबाजूंनी हवा येऊन भरत राहते आणि हळूहळू खाली बसते. म्हणूनच अंदाज बांधणारे फक्त जमिनीवरचा नकाशा पाहत नाहीत, तर दीड आणि साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवरचे नकाशेही पाहतात. वरचा पुरवठा थांबला की खालचा प्रत्यावर्त विरायला लागतो.

ही हवा बसण्याचा वेग सेकंदाला एखादा सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला आठ-नऊशे मीटर. एवढ्या संथ हालचालीने काय होणार, असे वाटेल; पण सगळा परिणाम इथूनच सुरू होतो. खाली येताना हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते. समजा, तीन किलोमीटर उंचीवर १० अंश तापमानाची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा आहे. ती दोनेक दिवसांत दीड किलोमीटरपर्यंत उतरली तर तापमान २५ अंशांच्या आसपास जाते. बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता शंभरावरून पन्नास टक्क्यांच्या खाली येते. ढग तिथेच विरतात.

ही तापलेली हवा सहसा जमिनीपर्यंत पोहोचत नाही. एक-दोन किलोमीटर उंचीवर ती थांबते आणि तिच्याखाली तुलनेने गार हवा राहते. वर गरम, खाली गार अशी ही उलटी रचना झाकणासारखी बसते. खालचा धूर, धूळ आणि वाहनांचा वायू तिच्या पलीकडे जात नाही. हिवाळ्यात मुंबई-पुण्याची हवा सलग काही दिवस खराब राहते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. उत्सर्जन तेवढेच असले तरी ते मिसळायला जागा कमी मिळते.

रात्री आणखी एक उलटा थर अगदी जमिनीलगत तयार होतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असल्याने जमीन आपली उष्णता बिनअडथळा आकाशात फेकते. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो. गवताच्या पात्याजवळ तापमान त्याहूनही काही अंशांनी कमी असू शकते. शिवाय गार हवा जड असल्याने सखल भागात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण दिसतात, तेव्हा वरच्या वेधशाळेत पारा बराच वर असतो, तो याचमुळे.

द्राक्ष बागायतदाराला हे गणित थेट खिशात बोचते. थंडीने मण्यांची फुगवण मंदावते. रात्र गार आणि दुपार कडक, अशी तफावत वाढली की हिरव्या जातींत पिंक बेरीचा, म्हणजे मणी गुलाबी पडण्याचा त्रास वाढतो; म्हणून घडांना कागद लावतात. पहाटे ठिबकने विहिरीचे पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असते आणि ओली माती दिवसाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते. शेकोट्यांबाबत मात्र एक चूक वारंवार होते: बांधावर एकच मोठा जाळ. त्याची गरम हवा उलटा थर भेदून सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. बागभर विखुरलेल्या लहान शेकोट्या त्याहून खूप उपयोगी. धुराचा पडदा थंडी अडवतो हेही फारसे खरे नाही. काम करते ती उष्णता आणि हवेचे मिसळणे.

मार्चमध्ये सूर्य वर आलेला असतो, तेव्हा तेच निरभ्र आकाश जमीन तापवते. मुंबई यात वेगळी आहे, कारण तिथे सगळे खाऱ्या वाऱ्यांच्या वेळेवर ठरते. ते अकराच्या सुमारास सुरू झाले तर पारा तेहतीस-चौतीसवर थांबतो. पण प्रत्यावर्त गुजरात किंवा मध्य भारतावर असेल तर कोकणात वारे पूर्वेकडून, जमिनीवरून येतात, सह्याद्री उतरताना आणखी तापतात आणि समुद्राकडच्या वाऱ्याला दुपारी एक-दोनपर्यंत थोपवून धरतात. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मार्च २०२२ तर देशात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऐन दाणे भरण्याच्या वेळी उत्तरेतला गहू त्यात होरपळला.

जास्त दाब म्हणजे कोरडी हवा, हे समीकरण तरीही डोळे मिटून वापरू नये. तोच प्रत्यावर्त सरकून ओडिशाजवळ किंवा बंगालच्या उपसागरावर गेला की त्याच्या पश्चिम कडेने दक्षिणेकडचे दमट वारे विदर्भ-मराठवाड्यात शिरतात. वरून पश्चिमेचा गार हवेचा प्रवाह आला तर गारपीट होते. आणि आपल्या मोसमी पावसाचे वारे ज्या मास्करीन उच्च दाबातून निघतात, तो तर दक्षिण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला आहे.

दाब स्वतः पाहायचा असेल तर बऱ्याच मोबाइलमध्ये दाबमापक असतो. पुण्यात तो ९५०च्या आसपास आकडा दाखवतो, कारण शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. अंदाजे दर आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो. दुसरी फसगत वेळेची. आपल्या अक्षांशांवर दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारला कमी. सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्यातच तो तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, त्यामुळे दुपारची घसरण पाहून पाऊस येतोय असे समजू नये. त्याच जागी, कालच्या त्याच वेळेशी तुलना करावी. हिवाळ्यात चोवीस तासांत दाब दोन हेक्टोपास्कलने चढला, वारा उत्तरेचा झाला, आकाश निवळले आणि संध्याकाळी दवबिंदू तापमान (ज्याला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते) पाच-सहा अंशांवर आले, तर शेकोट्यांचे सरपण त्याच संध्याकाळी बागेत पोहोचलेले असावे. सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते. जाळ त्याआधी दोन-तीन तास सुरू व्हायला हवा.