बारा वाजता सूर्य डोक्यावर? काठीला विचारा

प्राथमिक शाळांच्या भिंतींवर एक चित्र हमखास दिसतं: सकाळी लांब सावली, दुपारी बारा वाजता सूर्य थेट डोक्यावर, संध्याकाळी पुन्हा लांब सावली. मुलं ते रंगवतात आणि वहीत 'कृतियुक्त अध्ययन' झाल्याची नोंद होते. रंगवणं ही कसली कृती! मैदानात मीटरभर काठी ओळंब्यात रोवा आणि चौथीच्या पोरांच्या हाती पट्टी, दोरी, खडू द्या. महागडं किट लागत नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला पुण्यात हे केलं, तर सर्वांत आखूड सावली १२ वाजून ४९ मिनिटांच्या सुमारास पडते. तीही शून्य नसते, चांगली ६० सेंमीच्या वर असते. चित्र दोन्हीकडून चुकलं.

पण ही वेळ मुलांनी शोधायची कशी? पट्टी घेऊन आखूड सावलीची वाट बघत बसलं, तर फसगत ठरलेली. मध्यान्हाच्या, म्हणजे सावली सर्वांत आखूड असते त्या क्षणाच्या, आधीच्या किंवा नंतरच्या पाव तासात सावली जेमतेम अर्धा सेंटिमीटर बदलते. शिवाय तिचं टोक त्याहून जास्त धूसर असतं, कारण सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तबकडीच्या वरच्या कडेने पडणारी सावली जिथे संपते, त्याच्या सेंटिमीटरभर पुढे खालच्या कडेची संपते. म्हणजे जे मोजायचं, त्यापेक्षा मोजण्यातली अस्पष्टताच मोठी!

यावरची युक्ती कात्यायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन भूमितीग्रंथात, आहे. काठीभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारी पुन्हा शिवेल तिथे दुसरी. या वेळी सावली भराभर सरकत असते, त्यामुळे चूक कमी होते. समजा, १० वाजून ५० मिनिटं आणि २ वाजून ४८ मिनिटं अशा वेळा आल्या. त्यांचा मध्य काढला की १२:४९ मिळतात. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. गणिताच्या तासाचं काम झालं, परिसर अभ्यासातल्या दिशा सापडल्या, आणि मराठीच्या तासाला लिहायला पोरांकडे स्वतःचं काहीतरी आलं.

आता ही ४९ मिनिटं आली कुठून? त्यातली सुमारे ३५ सोपी आहेत. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे, पुणे ७३.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं. उरलेली १४ मात्र वर्षभर बदलत राहतात. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते, पण तेवढ्यात ती कक्षेतही पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला सुमारे एक अंश जास्त वळावं लागतं. जानेवारीत ती सूर्याच्या जवळ आणि वेगात असते, म्हणून हे जादा वळणही वाढतं. त्यात पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला असल्याची भर: सूर्याची वार्षिक वाट विषुववृत्ताशी कधी समांतर, कधी तिरकी असते, त्यामुळे पूर्वेकडे सरकण्याचा त्याचा हिशेब बदलतो. रोजच्या काही सेकंदांचा फरक साठत जातो. फेब्रुवारीत सूर्य १४ मिनिटं मागे पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे असतो. तेव्हा नागपुरात मध्यान्ह बाराच्या किंचित आधीच उरकतो.

'भर दुपारी बाराला पिंपळाखाली जाऊ नये, भूत धरतं' असं सांगणाऱ्यांनी भुतं कोणतं घड्याळ पाळतात तेही सांगावं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली आणि मुंबईत त्याहून ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ १९५५पर्यंत चालू होती.

सूर्य खरोखर डोक्यावर येतो, पण वर्षातून दोनच दिवस. पुण्यात ते मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतात. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. तेव्हा मेमधली काठी पोरांनी घराच्या अंगणातच रोवायची, आणि १२ वाजून ३१ मिनिटांना तयार राहायचं.