मॅट्रिक्स प्रोब (त्रिमितीय सोनोग्राफी)

शरीरातील अवयवाचा एकच काप न घेता त्याची पूर्ण घनप्रतिमा टिपणारा सोनोग्राफीचा प्रोब. साध्या प्रोबमध्ये दाबविद्युत घटक (वीज दिली की कंप पावून ध्वनी सोडणारे आणि परतलेल्या ध्वनीची पुन्हा वीज करणारे तुकडे) एका ओळीत असतात, म्हणून ध्वनिशलाका एकाच प्रतलात वळते. मॅट्रिक्स प्रोबमध्ये घटक आडवे-उभे मांडलेले असल्याने ती हवी तिकडे वळवता येते.

घटक बहुधा लेड झिर्कोनेट टायटॅनेट या ठिसूळ सिरॅमिकचे असतात. कोल्हापूरच्या शिवारात उसाला सरी सोडतात, तशा या वडीवर हिऱ्याच्या पातीने सऱ्या पाडतात. फक्त इथे त्या दोन्ही दिशांनी पडतात आणि त्यांत इपॉक्सी भरतात. मऊ ऊतींत ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, म्हणजे ३ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी अर्धा मिलिमीटर. घटकांतले अंतर तिच्या निम्म्याहून वाढले, की शलाका तिरपी वळवताना भलत्याच दिशेला दुसरी शलाका फुटते आणि नसलेली गोष्ट पडद्यावर दिसते.

खरी डोकेदुखी तारांची. ६४ × ६४ म्हणजे ४०९६ घटक. प्रत्येकाला स्वतंत्र तार दिली तर ती केबल डॉक्टरच्या हाताला पेलणार नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ओलाफ फॉन राम आणि स्टीफन स्मिथ यांच्या गटाने मोजकेच घटक जोडून हा प्रश्न टाळला. पुढे शेजारच्या घटकांचे संकेत मुठीतल्याच चिपमध्ये एकत्र करण्याची युक्ती आली आणि २००२ च्या सुमारास हृदयतपासणीसाठी सुमारे ३००० घटकांचे प्रोब बाजारात आले. पण चिप तापते, आणि त्वचेला टेकणारा पृष्ठभाग ४३ अंश सेल्सिअसपुढे जाऊन चालत नाही. तिसरी वाट रांगा-स्तंभांची : १२८ रांगा आणि १२८ स्तंभ जोडले की १६,३८४ ऐवजी २५६ तारांत भागते. स्वस्त खरी, पण शलाकेवरचा ताबा कमी होतो.

वेळेचेही गणित आडवे येते. १६ सेंटिमीटर खोल जाऊन परतायला ध्वनीला सुमारे २०८ मायक्रोसेकंद लागतात. एका स्पंदाला प्रतिमेची एकच रेषा मिळते, म्हणून ४०९६ रेषांचा एक घन टिपण्यात जवळजवळ सेकंद जातो. धडधडत्या हृदयाला हे निरुपयोगी. म्हणून एक रुंद स्पंद सोडून एकाच वेळी १६ रेषा ऐकतात.

बाळाचा चेहरा दाखवणाऱ्या ‘फोरडी’ तपासणीत मात्र बरेचदा जुनाच उपाय असतो : एका ओळीचा प्रोब तेलात बुडवून मोटरने डोलवायचा. हातात धरला की बारीक थरथर जाणवते. प्रोब कोणताही असो, गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना कोल्हापुरातील सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले गेले. ते पडद्यावरचे चित्रण साठवत असे. आत घटक १२८ की ४०९६, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते.