हद्दपारीची बेटे, सहलीच्या नौका : दक्षिण इटलीतील यॉट-चार्टरची पार्श्वभूमी

नेपल्सच्या आखातातून निघून प्रोचिदा, इस्किया आणि काप्री करत आमाल्फीच्या किनाऱ्याने सालेर्नोपर्यंत जायचे, हाताशी वेळ असेल तर वायव्येला पोंझा आणि व्हेंतोतेने किंवा दक्षिणेला सिसिलीच्या वर पसरलेली एओलियन बेटे गाठायची, असा खलाशी, आचारी आणि कप्तान यांच्यासह भाड्याने घेतलेल्या यॉटचा आठवड्याचा प्रवास आज भूमध्य समुद्रातील सर्वांत महागड्या सहलींमध्ये गणला जातो. या प्रवासाच्या जाहिरातींमध्ये बेटांचे वर्णन नेहमी 'एकांताची' असे केलेले असते, आणि ते खोटे नाही. मात्र या एकांताला पूर्वी दोन प्रकारची गिऱ्हाइके होती: ज्यांना तो हवा होता असे सत्ताधीश, आणि ज्यांच्यावर तो लादला गेला असे कैदी. एकाच घराण्यातील माणसे दोन्ही बाजूंना सापडतात, इतके हे नाते जवळचे आहे.

इ. स. पू. २९ मध्ये ऑगस्टसने नेपल्स शहराला इस्किया देऊन त्याच्या बदल्यात काप्री घेतले. इस्किया आकाराने कितीतरी मोठे, सुपीक आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचे बेट, तर काप्री म्हणजे जेमतेम दहा चौरस किलोमीटरचा चुनखडीचा उभा कडा. व्यवहार म्हणून पाहिले तर हा सौदा आतबट्ट्याचा होता, पण सम्राटाला उत्पन्न नको होते, हे बेट हवे होते. त्याच्यानंतर आलेल्या तिबेरियसने तर रोम सोडून आयुष्याची शेवटची सुमारे दहा वर्षे काप्रीवरूनच साम्राज्य चालवले. बेटाच्या पूर्व टोकावरील कड्यावर त्याच्या 'व्हिला योव्हिस' या प्रासादाचे अवशेष आजही पाहता येतात.

याच काळात त्याच समुद्रातील दुसरी बेटे तुरुंग म्हणून वापरली जात होती. ऑगस्टसने इ. स. पू. २ मध्ये आपली एकुलती एक मुलगी यूलिया हिला व्यभिचाराच्या आरोपावरून पांदातेरियावर, म्हणजे आजच्या व्हेंतोतेनेवर पाठवले आणि तिला दारू मिळू नये, परवानगीशिवाय कोणा पुरुषाला तिला भेटता येऊ नये, असा बंदोबस्त केला. पुढे तिबेरियसने यूलियाची मुलगी अग्रिपिना हिला त्याच बेटावर धाडले आणि ती तेथेच इ. स. ३३ मध्ये मरण पावली. तिचा एक मुलगा पोंझावर हद्दपार झाला. दुसरा मुलगा मात्र सम्राट झाला. तो म्हणजे कॅलिगुला. गादीवर येताच तो वादळी हवेत स्वतः नौकेने या बेटांवर गेला आणि आई व भावाच्या अस्थी घेऊन परतला, असे सुएटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो.

हाच चरित्रकार कॅलिगुलाने बांधवलेल्या नौकांचेही वर्णन करतो. त्यांच्या पिछाडीला रत्ने जडवलेली होती, शिडे रंगीबेरंगी होती, आत प्रशस्त स्नानगृहे, खांबांच्या ओसऱ्या आणि भोजनाची दालने होती, डेकवर द्राक्षांचे वेल आणि फळझाडे लावलेली होती, आणि दिवसाढवळ्या मेजवानीला बसून गाण्याबजावण्याच्या साथीने कंपानियाच्या किनाऱ्याने फिरणे हाच त्यांचा उपयोग होता. सुएटोनियसला चटपटीत हकिकती सांगण्याची हौस होती, त्यामुळे रत्नांची संख्या कोणी मोजू नये. तरीही रोमजवळच्या नेमी सरोवराचे पाणी उपसून १९२९ ते १९३२ या काळात कॅलिगुलाच्या दोन प्रचंड नौका बाहेर काढण्यात आल्या, तेव्हा अशा तरंगत्या प्रासादांची कल्पना निव्वळ बाजारगप्प नव्हती हे दिसले. १९४४ मध्ये संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्या दोन्ही जळाल्या. माल नाही, सैन्य नाही, मासेमारी नाही, केवळ सुखासाठी किनारा धरून फिरणारी नौका या किनाऱ्यावर शोधायची, तर उगम येथपर्यंत मागे न्यावा लागतो.

या आखाताचा एक धागा आपल्याकडेही येतो. भारताच्या व्यापारातून आलेला माल इजिप्तमार्गे पोत्सुओलीच्या बंदरात उतरत असे. जवळच्या पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत, तर उलट दिशेने आलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडली.

रोमन साम्राज्य ओसरल्यावर हा समुद्र सुखासाठी फिरण्याजोगा राहिला नाही. आमाल्फीने व्यापाराच्या जोरावर स्वतःचे सागरी प्रजासत्ताक उभारले, पण नॉर्मनांचा अंमल, बाराव्या शतकात पिसाने केलेली लूट आणि १३४३ च्या वादळी लाटांनी केलेला विध्वंस यांत त्याचे वैभव संपले. त्यापुढची काही शतके चाच्यांची होती. १५४४ मध्ये उस्मानी आरमाराचा प्रमुख खैरुद्दीन बार्बारोसा याने एओलियन बेटांपैकी लिपारी लुटून तेथील बहुतेक रहिवाशांना गुलाम म्हणून नेले. आज यॉटवरून दिसणारे आणि छायाचित्रांत सुंदर वाटणारे किनाऱ्यावरचे दगडी बुरूज मूळचे या भीतीतून उभे राहिलेले टेहळणीचे बुरूज आहेत.

समुद्राकडे पाहण्याची दृष्टी एकोणिसाव्या शतकात पालटली. १८२६ मध्ये आउगुस्ट कोपिश आणि एर्न्स्ट फ्रीस हे दोन जर्मन प्रवासी स्थानिक लोकांच्या मदतीने काप्रीच्या निळ्या गुहेत पोहत शिरले. कोळ्यांना ही गुहा ठाऊक नव्हती असे नाही. ती झपाटलेली आहे या समजुतीने ते तिच्यापासून दूर राहत. कोपिशने तिच्याविषयी लिहिल्यावर उत्तर युरोपातून प्रवाशांची रीघ लागली. गुहेचे तोंड पाण्यापासून सुमारे एक मीटरच उंच असल्याने आजही कोट्यवधींच्या यॉटवरून आलेल्या पाहुण्याला लहान होडीत उतरून आडवे पडूनच आत जावे लागते, आणि ही होडी वल्हवणारा माणूस काप्रीचाच असतो.

यॉट हा शब्दही या समुद्राचा नव्हे. तो डच भाषेतील 'शिकार करणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि १६६० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला डचांनी 'मेरी' ही नौका भेट दिल्यानंतर इंग्लंडमध्ये हौशी नौकानयनाची चाल पडली. काप्रीवर ती चाल धनाढ्य परदेशी लोकांनी आणली. त्यांपैकी जर्मन पोलादसम्राट फ्रीडरिश आल्फ्रेड क्रुप हा आपल्या 'माया' आणि 'पुरिटान' या यॉटमधून सागरी जीवांचे संशोधनही करीत असे. त्याने बांधवलेली, कड्यावरून नागमोडी उतरणारी पायवाट आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हा किनारा नौकेचाच का राहिला, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतो. आमाल्फीच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धड गाडीरस्ता नव्हता, गावे एकमेकांना पायऱ्यांनी आणि पाण्याने जोडलेली होती, आणि आताचा अरुंद वळणांचा रस्ता उन्हाळ्यात इतका तुंबतो की पाण्याची वाटच सोयीची ठरते.

जी दुर्गमता सहलीला उपकारक, ती हुकूमशाहीलाही सोयीची असते. मुसोलिनीच्या राजवटीने लिपारी, पोंझा आणि व्हेंतोतेने येथे राजकीय विरोधकांना स्थानबद्ध केले. २७ जुलै १९२९ च्या रात्री कार्लो रोसेल्ली, एमिलियो लुस्सू आणि फाउस्तो नित्ती हे तिघे लिपारीहून 'ड्रीम ५' या वेगवान मोटरबोटीने निसटून ट्युनिशियाला पोहोचले. या बेटांच्या इतिहासात मोटरबोटीचा याहून चांगला उपयोग झाला नसेल. १९४१ मध्ये व्हेंतोतेनेवर स्थानबद्ध असलेल्या अल्तिएरो स्पिनेल्ली आणि एर्नेस्तो रोस्सी यांनी संयुक्त युरोपाचा जाहीरनामा लिहिला. सत्ता गेल्यावर १९४३ च्या उन्हाळ्यात खुद्द मुसोलिनीलाही काही दिवस पोंझावर ठेवण्यात आले.

युद्धानंतरच्या दोन दशकांत या किनाऱ्याचे आजचे रूप घडले. कॅनडाच्या जुन्या युद्धनौकेचे यॉटमध्ये रूपांतर करून ग्रीक जहाजसम्राट अरिस्टॉटल ओनासिसने 'क्रिस्टिना' तयार केली, १९६० च्या ऑलिंपिकमधील नौकानयनाच्या शर्यती नेपल्सच्या आखातात झाल्या, आणि १९६२ मध्ये आमाल्फीजवळच्या रावेल्लोला सुट्टीसाठी आलेल्या जॅकलिन केनेडी इटालियन उद्योगपती जान्नी आन्येल्ली यांच्या यॉटवरून फिरताना छायाचित्रकारांना दिसल्या. मात्र या सर्व नौका मालकांच्या किंवा मित्रांच्या होत्या. भाड्याने यॉट घेण्याची सुसंघटित बाजारपेठ त्यानंतर आली. भूमध्य समुद्रातील यॉट-दलालांनी १९८४ मध्ये संघटना स्थापन केली आणि तिचा करारनामा पुढे या धंद्याचा सर्वमान्य नमुना झाला. भाड्याखेरीज इंधन, अन्न आणि बंदरशुल्क यांसाठी भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ कप्तानाकडे देण्याची प्रथा आहे. तिचा हिशेब शेवटी होतो. इटलीच्या २००५ च्या नौकाविहार संहितेत नौका गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणे आणि खलाशांसह ती त्याच्या सेवेत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. आलिशान चार्टर दुसऱ्या प्रकारात मोडते. बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाज ठरते, म्हणूनच केवढीही मोठी यॉट असली तरी तिच्यावर पाहुणे बहुधा बाराच असतात.

गर्दी वाढली तशी बंधनेही आली. काप्रीसमोरच्या पुंता कंपानेल्ला या भूशिराभोवती १९९७ मध्ये आणि इस्किया-प्रोचिदा भोवती २००७ मध्ये सागरी संरक्षित क्षेत्रे झाली, आणि समुद्रतळाच्या पोसिडोनिया गवताची नांगराने होणारी नासधूस हा प्रश्न कप्तानांच्या रोजच्या हिशेबात आला. हा समुद्र उन्हाळ्यातही नेहमी शांत असतो असे नाही, हे १९ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे सिसिलीतील पोर्तिचेल्लोजवळ नांगरलेली ५६ मीटर लांबीची 'बायेझियन' ही यॉट वादळात बुडून सात जण मरण पावले तेव्हा जगाने पाहिले. तरीही मागणी ओसरलेली नाही. पुढील अमेरिका कप या नामांकित यॉट-शर्यतीसाठी २०२५ मध्ये नेपल्सची निवड जाहीर झाली आहे.

पोंझाच्या दिशेने निघालेल्या नौका वाटेत व्हेंतोतेनेला थांबतात. तेथील जुने बंदर ऑगस्टसच्या काळात मऊ ज्वालामुखी खडक खोदून बनवलेले असून अजूनही वापरात आहे. यूलियाची राखण करणाऱ्यांची जहाजे ज्या पाण्यात उभी राहिली त्याच अरुंद कुशीत आता कोळ्यांच्या होड्या आणि लहान यॉट बांधलेल्या असतात, आणि मोठ्या यॉटना बाहेर, शेजारच्या सांतो स्तेफानो या बेटावरील, १९६५ मध्ये बंद झालेल्या वर्तुळाकार तुरुंगासमोर नांगर टाकून राहावे लागते.