सर्जिकल रोबोटचा दुर्लक्षित सांधा

शस्त्रक्रिया करणाऱ्या रोबोटविषयी लिहिले जाते तेव्हा कौतुकाचा मोठा वाटा त्याच्या इवल्याशा, चहूबाजूंनी वळणाऱ्या मनगटाच्या वाट्याला येतो. ते कौतुक योग्यच आहे, पण अवजाराचे दुसरे टोक, म्हणजे रुग्णाच्या शरीराबाहेर जिथे ते रोबोटच्या हाताला बसते ती जोडणी, अभियंत्याच्या दृष्टीने कदाचित अधिक अवघड आहे. शस्त्रक्रिया सुरू असताना कात्री काढून चिमटा आणि चिमटा काढून सुई धरणारे अवजार लावावे लागते, आणि रुग्णाजवळ उभ्या असलेल्या साहाय्यकाला ते एका हाताने, काही सेकंदांत करता आले पाहिजे. म्हणून ही जोडणी झटपट बदलाच्या सोयीसाठी जन्माला आली असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते मात्र तिचे मूळ कारण निर्जंतुकीकरण हे आहे.

शरीरात जाणारे अवजार ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत ठेवून निर्जंतुक करतात. रोबोटच्या हातातील मोटरी, त्यांचा कोन मोजणारे संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक भाग अशी वाफ प्रत्येक शस्त्रक्रियेआधी सोसतील अशा रीतीने बनवणे अतिशय महाग पडेल. त्यामुळे यंत्राचे दोन तुकडे करणे भाग पडते: मोटरी हातात ठेवायच्या आणि त्या हातावर निर्जंतुक प्लास्टिकचे आवरण, म्हणजे ड्रेप, चढवायचे, अवजारात फक्त दांडा, मनगट आणि ते ओढून वळवणाऱ्या तारा व कप्प्या ठेवायच्या. घरातल्या मिक्सरची मोटर बुडात राहते आणि भांडे तेवढे धुतले जाते, तशीच ही विभागणी आहे. फरक इतकाच की इथे मोटर आणि अवजार यांच्यामध्ये निर्जंतुकतेची सीमा असते, आणि फिरणारी शक्ती त्या सीमेला भोक न पाडता पलीकडे पोचवायची असते.

कॅलिफोर्नियातील इन्ट्युइटिव्ह सर्जिकल या कंपनीच्या 'दा विंची' यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. तिच्या सुरुवातीच्या पिढ्यांत अवजाराच्या पाठीवर चार तबकड्या असत. एक तबकडी दांडा स्वतःभोवती फिरवण्यासाठी, एक मनगट वाकवण्यासाठी आणि उरलेल्या दोन जबड्याच्या दोन पात्यांसाठी. दोन्ही पाती एकाच दिशेने वळली की जबडा बाजूला वळतो, विरुद्ध दिशांना वळली की उघडतो किंवा मिटतो. ड्रेपमध्येच बसवलेल्या निर्जंतुक अडॅप्टरमध्ये तशाच चार तबकड्या असतात. त्यांची एक बाजू मोटरीकडे आणि दुसरी अवजाराकडे असते, त्यामुळे तबकडी फिरते पण सीमा अभंग राहते.

अवजार अडॅप्टरवर सरकवले की एका तबकडीवरच्या खुंट्या समोरच्या तबकडीतल्या खाचांसमोर आलेल्या असतीलच असे नाही. म्हणून तबकड्यांमागे स्प्रिंग असतात आणि अवजार बसल्याचे कळताच मोटरी स्वतःहून फिरतात. खुंटी खाचेसमोर आली की स्प्रिंग तिला आत ढकलते. दोन खुंट्या केंद्रापासून सारख्या अंतरावर असतील तर तबकडी अर्धा फेरा चुकूनही बसू शकेल आणि संगणकाला जबडा कुठे आहे हे चुकीचे कळेल. एक खुंटी केंद्राजवळ आणि दुसरी जराशी लांब ठेवली की पूर्ण फेऱ्यात एकच जागा जुळते. हा शोध चालू असताना अवजाराची तबकडी मोटरीबरोबर फरफटत जाऊ नये, हीही एक अट आहे. त्या वेळी अवजाराचे टोक, ते शरीरात शिरवण्यासाठी बसवलेल्या कॅन्युला नावाच्या नळीत सरळ असते आणि नळीच्या भिंती मनगटाला वळू देत नाहीत, त्यामुळे ही अट बरीचशी आपोआप पाळली जाते. एका भागाची अडचण दुसऱ्या भागाच्या मर्यादेने सुटावी, अशी उदाहरणे यंत्ररचनेत फार सापडत नाहीत.

तबकड्यांचे अक्ष तंतोतंत एका रेषेत येणेही कठीण असते, कारण मध्ये प्लास्टिकचा अडॅप्टर असतो आणि अवजार प्रत्येक वेळी केसभर इकडेतिकडे बसते. इथे १८२१ सालची एक युक्ती कामी येते. जॉन ओल्डहॅम या आयरिश अभियंत्याने चाकाच्या आगबोटीसाठी तीन चकत्यांची जोडणी रचली होती. मधल्या चकतीच्या दोन बाजूंवर एकमेकींशी काटकोनात असलेल्या खाचा असतात, त्यामुळे दोन समांतर अक्ष थोडे सरकलेले असले तरी फिरण्याचा वेग तसाच पलीकडे जातो. अडॅप्टरच्या तबकडीला त्या मधल्या चकतीचे काम देता येते.

सर्वांत चिवट शत्रू मात्र ढिलाई, कारागीर जिला 'प्ले' म्हणतात ती. खुंटी आणि खाच यांच्यात १ अंशाची ढिलाई आहे असे धरू. तार गुंडाळणाऱ्या रिळाची त्रिज्या ५ मिलिमीटर असेल, तर तार सुमारे ०.०९ मिलिमीटर हलेल. मनगटातील कप्पीची त्रिज्या २.५ मिलिमीटर असेल, तर तिथे ढिलाई २ अंश होईल, आणि १० मिलिमीटर लांबीच्या जबड्याच्या टोकाशी सुमारे ०.३५ मिलिमीटर. ज्या ५-० क्रमांकाच्या दोऱ्याने नाजूक टाके घालतात त्याची जाडी ०.१ ते ०.१५ मिलिमीटर असते, म्हणजे ही चूक दोऱ्याच्या जाडीच्या दुपटीहून जास्त झाली.

उपाय म्हणून खुंटीला निमुळता उतार देतात. स्प्रिंगच्या दाबाने ती खाचेत घट्ट रुतते आणि ढिलाई संपते. पण उतार आला की फिरवणारे बल तबकड्यांना एकमेकींपासून दूरही ढकलू लागते. उतार १० अंशांचा असेल आणि घर्षण विचारात घेतले नाही, तर फिरवणाऱ्या बलाच्या सुमारे १८ टक्के बल जोडणी उघडण्यात खर्च होते. स्प्रिंग त्याला पुरून उरली पाहिजे, आणि तरीही अवजार बसवताना साहाय्यकाच्या बोटांना जड जाता कामा नये. फिरणाऱ्या तबकड्यांऐवजी सरळ रेषेत ढकलणारे दट्टे वापरले, तर खुंटी-खाच जुळवण्याचा प्रश्नच मिटतो. पण दट्टा फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही, म्हणून परतीच्या हालचालीसाठी दुसरा दट्टा किंवा स्प्रिंग लागते आणि तारा सतत ताणलेल्या ठेवाव्या लागतात. चुंबकीय जोडणीचा विचार सुचतो खरा, पण एवढ्याशा जागेत पुरेसे बल मिळणे कठीण, आणि ती मर्यादेपलीकडे घसरते.

बसवण्याइतकाच काढण्याचा विचार करावा लागतो. वाकलेले मनगट कॅन्युलातून बाहेर येत नाही, म्हणून आधी ते सरळ करतात. वीज गेली किंवा यंत्रणा अडकली आणि जबड्यात ऊतक धरलेले असेल, तर अवजार नुसते ओढणे धोक्याचे असते; अशा वेळी जबडा हाताने, किल्लीने फिरवून उघडण्याची सोय ठेवलेली असते.

या सांध्यातून बलाबरोबर माहितीही जाते. दा विंचीच्या अवजारात एक चिप असते. अवजार कोणते, त्याची मापे कोणती आणि किती वापर उरले, हे ती यंत्रणेला सांगते. नवे अवजार आत ढकलताना ते आधीच्या अवजाराचे टोक जिथे होते त्याच्या किंचित अलीकडे थांबावे, ही सोयही अवजाराची मापे ठाऊक असल्याशिवाय देता येत नाही. वापर मोजण्याचे कारण तांत्रिक आहे: तारा झिजतात, ताण सैल होतो. पण ती मोजणी व्यवसायाचीही बाब आहे. बऱ्याच अवजारांना दीर्घकाळ १० वापरांची मर्यादा होती, आणि चिपमधील आकडा पुन्हा बदलून अवजारे वापरात आणू पाहणाऱ्या कंपन्यांशी अमेरिकेत न्यायालयीन लढे झाले. २०२० मध्ये इन्ट्युइटिव्हने निवडक अवजारांची मर्यादा १२ ते १८ वापरांपर्यंत वाढवली. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात रोबोटच्या शस्त्रक्रियेचे बिल पाहणाऱ्याला हा आकडा कुठे दिसत नाही, पण अवजाराची किंमत किती रुग्णांमध्ये वाटली जाते हे त्यावरूनच ठरते.