वण धरणारी आणि वण विसरणारी पेशी

कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1876 मध्ये यकृताच्या पातळ कापांवर सोन्याच्या क्षाराचा रंग चढवला, तेव्हा त्याला ताऱ्यासारख्या फाटे फुटलेल्या पेशी दिसल्या. पुढे 1898 मध्ये त्यानेच घोळ घातला: या तारकापेशी आणि रक्तातला कचरा गिळणाऱ्या भक्षकपेशी एकच, असं त्याने ठरवलं. हा गुंता सुटायला 1971 उजाडलं. जपानच्या केंजिरो वाके यांनी दाखवलं की सोन्याने रंगणारी पेशी वेगळीच आहे आणि तिच्या पोटात अ जीवनसत्त्वाचे तेलकट थेंब असतात. शरीरातल्या अ जीवनसत्त्वाचा मोठा साठा तिच्याकडेच असतो.

अशी ही गरीब कोठारवाली. पण दारू, हिपॅटायटिसचा विषाणू किंवा साचलेली चरबी यांनी यकृतपेशी वर्षानुवर्षं मरत राहिल्या, की ती कोठार रिकामं करते, स्नायूसारखी आकुंचन पावू लागते आणि कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे विणत सुटते. हे वण म्हणजेच फायब्रोसिस, आणि धाग्यांनी यकृताच्या गाठी गाठी पाडल्या की सिरॉसिस.

खरं तर यकृताला वाढायचं शिकवावं लागत नाही. 1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढून टाकलं, तर काही दिवसांतच ते जवळजवळ मूळ वजनाला आलं. कापलेले खंड मात्र परत उगवले नव्हते, उरलेलेच वाढले होते. एकदाच बसलेला घाव यकृत असा पचवतं. रोजचा मार त्याला भारी पडतो.

सिरॉसिस म्हणजे परतीची वाट बंद, असं डॉक्टरही म्हणत. मग हिपॅटायटिस बीची औषधं आली. त्यांतलंच एक, टेनोफोविर, घेणाऱ्या रुग्णांच्या 2013 मध्ये छापलेल्या अभ्यासात, सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या 96 जणांपैकी 71 जणांच्या तपासणीसाठी काढलेल्या यकृताच्या तुकड्यात पाच वर्षांनी सिरॉसिस दिसलं नाही.

वण विरघळवतं कोण? कुप्फरने तारकापेशींची ज्यांच्याशी गल्लत केली, त्या भक्षकपेशींच्या जातीतल्याच पेशी. इजा चालू असताना त्या आगीत तेल ओततात, इजा थांबली की कोलॅजेन तोडायला मदत करतात. आणि तारकापेशी? 2012 मधल्या उंदरांवरच्या प्रयोगांत विणकाम करणाऱ्या पेशींपैकी काही मेल्या, सुमारे निम्म्या मात्र शांत होऊन जगल्या. पुन्हा इजा केल्यावर याच पेशी, कधीच न चेतवलेल्या पेशींपेक्षा लवकर, विणायला बसल्या.