गांजाविषयक विनोदी चित्रपट

गांजा वा चरस यांच्या सेवनाभोवती कथानक रचणारा विनोदी चित्रपटाचा एक प्रकार. मोठ्या निर्मितिसंस्थांच्या भांडवलाबाहेर तयार होणाऱ्या स्वतंत्र चित्रपटांना त्यातील तरुण जोडप्याच्या सवयीचे कथानक विशेष सोयीचे ठरते, कारण दोन नट, भाड्याचे एक घर आणि एक रात्र एवढ्या सामग्रीवर ते उभे राहू शकते.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ‘रीफर मॅडनेस’ हा लुई गॅस्निए दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट त्याचा पूर्वज होय. त्याचा काळ सामान्यतः १९३६ धरतात, तथापि काही नोंदी तो १९३८ पर्यंत पुढे नेतात. गांजाची दहशत बसावी म्हणून काढलेल्या या चित्रपटाला १९७०च्या दशकात विद्यार्थिवर्ग हसू लागला. पण हे हास्य प्रेक्षकांनी त्यावर लादलेले आहे, मूळ रचनेत ते नाही. म्हणून हेतुपूर्वक विनोदी अशा रचनेचा आरंभ १९७८च्या ‘अप इन स्मोक’ या अमेरिकन चित्रपटापासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यातही नायक दोन मित्र आहेत, जोडपे नव्हे.

नशेतल्या जोडप्याच्या विनोदाचे रूप पाहायचे तर संस्कृत प्रहसनाकडे, म्हणजे विनोदी उपहासनाट्याकडे, वळावे लागते. पल्लव राजा महेंद्रवर्मा याच्या नावावरील ‘मत्तविलास’ (सुमारे सातव्या शतकाचा पूर्वार्ध) १९१७मध्ये त्रिवेंद्रम येथे छापले गेले. कांचीतील कापालिक (कवटी बाळगणारा शैव साधू) सत्यसोम आणि त्याची सहचरी देवसोमा मद्याच्या भरात भिक्षेचे कपाल, म्हणजे कवटीचे पात्र, हरवतात, त्याचा आळ एका बौद्ध भिक्षूवर घेतात आणि शेवटी ते कपाल एका वेड्याजवळ सापडते. येथील मादक द्रव्य मद्य आहे, गांजा नव्हे. त्यामुळे थेट वंशसंबंध सांगता येणार नाही. परंतु हरवलेली वस्तू, तिसऱ्यावर आलेला संशय आणि दोघांनी मिळून धरलेला भ्रम ही आजच्या चित्रपटांचीही यंत्रणा आहे, हे निश्चित. मराठी रंगभूमीने व्यसन व दांपत्य यांचा संबंध मुख्यतः शोकात्म रीतीने हाताळला; ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) तळीराम व त्याच्या मंडळाचा विनोद सिंधूच्या दुःखाला अधिकच गडद करतो.



तंत्रदृष्ट्या मुख्य प्रश्न काळाचा असतो. गांजाच्या अमलाखाली गेलेला वेळ आहे त्याहून अधिक वाटतो. हा अनुभव लांब अखंड चित्रण, संवादांतील रेंगाळलेले विराम आणि उशिरा येणारी प्रतिक्रिया यांतून दाखवतात. जोडप्यातील एकाने गांजा सोडायचे ठरवले की सवय ही संसारातील तिसरी व्यक्ती बनते, आणि चांगल्या पटकथेचा विनोद धुरापेक्षा या ताणातून येतो.

भारतात १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजाचे सेवन दंडनीय आहे. मात्र फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवाय असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. चित्रपट प्रमाणनाच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अमली पदार्थांच्या व्यसनाला उत्तेजन देणारी, त्याचे समर्थन करणारी वा त्याला मोहक रूप देणारी दृश्ये वर्ज्य आहेत. केवळ चित्रण आणि उत्तेजन यांतील सीमा ‘उडता पंजाब’ या गंभीर चित्रपटाच्या प्रकरणात वादाचा विषय झाली. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१६मध्ये एक दृश्य वगळून तो प्रदर्शित करण्यास मोकळीक दिली.