स्वभावाचा रकाना

दिवाळी उलटली की इंदूरच्या रामबागेतल्या एका घरात आमची प्रुफं तपासायची बैठक बसते. समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका काढायची असते. फोटो, उंची, गोत्र, शिक्षण, पगार आणि पगाराच्या खाली 'स्वभाव'. हा रकाना मी इतकी वर्षं जवळजवळ न वाचताच पुढे सरकवत आलो. मुलगे 'शांत व समंजस', मुली 'मनमिळाऊ'. पुस्तिकेवर विश्वास ठेवायचा तर इंदूरच्या मराठी घरांत एकही उपवर तापट, हेकेखोर किंवा घुम्मा नाही.

यंदा एका मुलीने त्या रकान्यात नुसती चार अक्षरं लिहून पाठवली: आयएनएफजे.

"हे कुठलं गोत्र म्हणायचं?" कमिटीतल्या काकूंनी चष्मा वर करून विचारलं.

"अगं आजी, पर्सनॅलिटी टाइप आहे तो," पोह्यांवर जीरावन भुरभुरणारी त्यांची नात म्हणाली. "ऑनलाइन टेस्ट असते. मी ईएनएफपी. म्हणजे मला सतत माणसं लागतात."

"ते तर तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून मी सांगून राहिलेय. त्याला टेस्ट कशाला हवी?"

काकूंचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, त्याकडे शेवटी येऊच. आधी ही अक्षरं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मनाच्या कलांची एक मांडणी केली. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी रूढ झाली ती तिथून. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ती मांडणी उचलली आणि तिच्यात स्वतःची भर घातली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. इसाबेल तर रहस्यकथा लिहायच्या. दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागल्या, तेव्हा कुणाला कुठलं काम मानवेल हे कळावं, या भल्या हेतूने मायलेकींनी प्रश्नावली रचायला घेतली. ही अक्षरं तिच्यातूनच आली. स्वभावाच्या कलांच्या चार जोड्या (अंतर्मुख 'आय' की बहिर्मुख 'ई', ही त्यांतली एक), प्रत्येकीतलं एक अक्षर तुमचं. चार वेळा दोन, म्हणून सोळा खोकी.

हेतू चांगला असला तरी मोजमाप फसलं, आणि ते कुठे फसलं हे आमच्याच पुस्तिकेवरून सांगता येईल. समजा, पुढच्या वर्षी उंची फूट-इंचांत न छापता नुसतं 'उंच' किंवा 'बुटका' छापायचं ठरलं आणि रेघ मारली साडेपाच फुटांवर. पाच फूट पाच इंचांचा मुलगा बुटका ठरेल, पाच-सातचा उंच ठरेल, आणि सव्वासहा फुटांचा गडी या पाच-सातवाल्याच्या शेजारी बसेल. स्वभावाचंही उंचीसारखंच असतं. बहुतेक माणसं मधे दाटलेली असतात, टोकाला थोडी. मधोमध रेघ मारली की नेमकी तिथली गर्दी दुभंगते. म्हणून तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचं निदान एखादं अक्षर बदलतं. माणूस तोच असतो. रेघेच्या अलीकडून पलीकडे, इंचभर सरकलेला असतो.

मग निकाल वाचताना "अगदी मीच!" असं का वाटतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली, आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचा निकाल दिला आणि तो कितपत जुळतो याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. गंमत अशी की सगळ्यांना दिलेला कागद शब्दन् शब्द एकच होता, आणि त्यातली वाक्यं बहुतांशी रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. लोकांनी तुम्हाला चांगलं म्हणावं असं तुम्हाला वाटतं, वरून शिस्तीचे दिसता पण आतून धास्तावलेले असता, या थाटाची. हे कुणाला लागू होणार नाही? 'मनमिळाऊ व समंजस' हाही त्याच जातीचा मजकूर, फक्त आपणच आपल्याबद्दल लिहिलेला.

स्वभाव मोजायची दुसरी वाट शब्दकोशातून जाते. ती मला फार आवडते. प्रुफं तपासणाऱ्याला आवडणारच. त्यामागचा विचार साधा आहे: माणसामाणसांतला जो फरक रोजच्या व्यवहारात खरोखर भोवतो, त्याला भाषेत शब्द पडतोच. मग शब्दच गोळा करावेत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये एक भलाथोरला इंग्रजी शब्दकोश पालथा घालून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. पुढची काही दशकं संशोधकांनी ते चाळून आटोक्यात आणले, लोकांना त्यांवर स्वतःला आणि ओळखीच्यांना गुण द्यायला लावले, आणि कुठले शब्द कुणासोबत चालतात हे गणिताने तपासलं. पुन्हापुन्हा पाचच्या आसपास गठ्ठे पडू लागले. त्यांनाच 'बिग फाइव्ह' म्हणतात. यातला प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक लांब पट्टी. माणूस तिच्यावर कुठेतरी उभा असतो, खोक्यात बसत नाही.

हा खेळ मराठीत खेळून पाहा. गप्पिष्ट आणि बडबड्या एका टोकाला, घुम्मा आणि मुखदुर्बळ दुसऱ्या: ही बहिर्मुखतेची पट्टी. नेटका, काटेकोर आणि समोर गबाळा, वेंधळा, आरंभशूर: ही नेटकेपणाची. कनवाळू, सालस विरुद्ध खवट, फटकळ, हेकेखोर: ही सौहार्दाची. हळवा, चिंतातुर, चिडका इकडे आणि थंड डोक्याचा तिकडे, ही भावनांच्या चढउताराची. पाचवी नव्याच्या ओढीची, आणि तिथे आपले शब्द जरा विरळ होतात. हौशी, चौकस, कल्पक मिळतात, पण नवं काही करू पाहणाऱ्याला 'तऱ्हेवाईक' म्हणून मोकळं होण्याची सवयही आपल्याला आहे.

काही शब्द मात्र कुठल्याच एका पट्टीत मावत नाहीत, आणि मला तेच जास्त खरे वाटतात. 'आतल्या गाठीचा' म्हणजे नुसता अबोल नव्हे. त्यात अबोलपणासोबत थोडा संशय, थोडा हिशेबही असतो. 'भिडस्त' माणूस सालस असतो खरा, पण नाही म्हणायला घाबरतोही. या शब्दांत दोन-दोन पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आणि पाच हा आकडाही काही वेदवाक्य नाही. बोलिव्हियातल्या जंगलात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या चिमाने लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांच्या उत्तरांत हे पाच गठ्ठे नीट पडलेच नाहीत. लहान वस्तीत प्रत्येकाला सगळीच कामं करावी लागतात, तिथे स्वभावाच्या घड्या वेगळ्या पडत असाव्यात, असं संशोधकांचं म्हणणं.

आता इंदूरकराला हमखास सुचणारी शंका. आमचा सराफा दिवसा सोन्याचा बाजार. गुंजभर इकडेतिकडे होऊ न देणारी माणसं गादीवर बसलेली. रात्री त्याच दुकानांची शटर खाली ओढली जातात आणि त्यांच्या पुढ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबी. गल्ली एकच, मग तिचा स्वभाव कुठला? मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये माणसांबद्दल हाच प्रश्न विचारून खळबळ उडवली. ऑफिसात शिस्तीचा माणूस घरात गबाळा असू शकतो, तर 'स्वभाव' म्हणून काही उरतं का? वाद बरीच वर्षं चालला. पुढे विल्यम फ्लीसन यांनी लोकांकडून दिवसातून अनेकदा नोंदी मागवल्या: आत्ता किती बोलताय, किती नेटाने काम करताय. दिसलं ते असं की जवळजवळ प्रत्येक जण आठवडाभरात कधी घुम्मा होतो, कधी गप्पिष्ट. एका प्रसंगावरून काही सांगता येत नाही. पण अनेक प्रसंगांची सरासरी काढली की ती या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात बरीचशी तीच राहते. ती सरासरी म्हणजे स्वभाव.

आणि 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण? अर्धीच खरी. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकाचा जवळपास निम्मा वाटा अनुवंशाचा आहे. पण वय वाढतं तशी माणसं सरासरीने नेटकी आणि सालस होत जातात, चिडकेपणा उतरतो. २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर मानसोपचारांनी काही आठवड्यांतच, विशेषतः चिंतातुरपणात, मोजता येईल इतका फरक पडलेला होता.

राहिला काकूंचा प्रश्न: जवळच्यांना दिसतंच, तर टेस्ट कशाला हवी? सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये हेच तपासलं: आपल्याला जास्त कोण ओळखतं, आपण की आपले मित्र? उत्तर पट्टीनुसार बदललं. आतली धाकधूक आपली आपल्यालाच नीट कळते, कारण ती बाहेर दिसत नाही. किती बोलतो ते आपल्याला कळतं आणि इतरांनाही. पण हुशारी, कल्पकता यांसारख्या गोष्टी, जिथे चांगलं दिसण्याची हौस आड येते, तिथे मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा सरस ठरला. म्हणजे पुण्याहून मुलाकडचे सुदामा नगरातल्या ओळखीच्या घरी फोन लावून "मुलगी कशी आहे हो?" विचारतात, ती चौकशी सोळा खोक्यांपेक्षा पद्धतशीर म्हणायची. फक्त एकाऐवजी दोघा-तिघांना विचारावं, आणि एखादा घरचा तर एखादा कामावरचा असावा.

मी कमिटीत सुचवून पाहिलं की पुढच्या वर्षीपासून स्वभावाचा रकाना उमेदवाराने न भरता त्याच्या भावंडाने भरावा. काकू म्हणाल्या, "मग मेळावा कशाला घेताय? मांडवच घालू नका."

घरी आल्यावर मात्र मी कागदावर पाच पट्ट्या आखल्या, स्वतःला पाचपैकी गुण दिले, कागद दुमडला आणि कोरा भाग बायकोपुढे ठेवला. चार पट्ट्यांवर आमचं थोड्याफार फरकाने जुळलं. नेटकेपणाला मी स्वतःला चार दिले होते, तिने दोन. पुरावा म्हणून तिने गेल्या वर्षीची पुस्तिका उघडून पुढ्यात धरली. मी तपासलेल्या पानावर 'मनमिळाऊ'चं 'मनमिळावू' झालं होतं, ओळीने तीन मुलींच्या रकान्यात.